जुन्या डेस्कटॉपला एसएसडी आणि नवी सिस्टिम: आधी डेटा, मग डिस्क, मग बाकीचं

ठाण्याच्या नौपाड्यातल्या आमच्या सोसायटीच्या ऑफिसात २०१४ साली घेतलेला डेस्कटॉप आहे. आय३ ४१३० प्रोसेसर, एच८१ चा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. मेंटेनन्सची बिलं, सभांची इतिवृत्तं, टाकीच्या आणि गच्चीच्या कामांची कोटेशनं, सगळं त्याच्यावर. बटण दाबल्यापासून फाइल उघडेपर्यंत पाच-सहा मिनिटं जायला लागली, तेव्हा कमिटीत नवीन कॉम्प्युटर घ्यायचा विषय निघाला. मी म्हटलं, मला एक शनिवार-रविवार द्या. हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली, चिपवर माहिती साठवणारी डिस्क बसवली आणि तिच्यावर नवी ऑपरेटिंग सिस्टिम टाकली. आता तोच डबा अर्ध्या मिनिटाच्या आत कामाला तयार असतो.

हे काम अवघड नाही. ज्याला स्क्रू ड्रायव्हर धरता येतो आणि जो घाई करत नाही, त्याला ते जमतं. बिघडतं ते क्रम चुकल्यामुळे. माझ्या ओळखीच्या एका घरी कॉम्प्युटर 'फास्ट करून' आणला आणि घरी आल्यावर कळलं की जुनी डिस्कच फॉरमॅट झाली होती. मुलीच्या बारशापासूनचे फोटो त्या डिस्कवर होते, दुसरीकडे कुठेच नव्हते. म्हणून सुरुवातीलाच सांगतो: जुनी डिस्क पुसायची नाही, फॉरमॅट करायची नाही, तिच्यावर नवीन सिस्टिम टाकायची नाही. या लेखातलं दुसरं काही विसरलात तरी चालेल, एवढं विसरू नका.

मशीन खर्च करण्याजोगं आहे का?

विंडोज चालू असताना कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. 'परफॉर्मन्स'मध्ये प्रोसेसरचं नाव आणि रॅम दिसते. इंटेलच्या नावात 'आय३', 'आय५' नंतर येणारा चार आकडी नंबर बघा. त्यातला पहिला आकडा म्हणजे पिढी. ४१३० म्हणजे चौथी पिढी. दुसऱ्या पिढीपासून पुढचं, म्हणजे साधारण २०११ नंतरचं मशीन असेल, तर खर्च करायला हरकत नाही. कोअर टू ड्युओ आणि २ जीबी डीडीआर२ रॅम असलेल्या मशीनवर मी पैसे घालणार नाही. त्याची रॅमही आता जुन्या बाजारातच शोधावी लागते.

मग त्याच खिडकीत 'डिस्क'चा आलेख बघा. मशीन नुसतं सुरू होऊन बसलंय, तुम्ही काहीच उघडलेलं नाही, आणि तरी डिस्क १०० टक्के दाखवतेय, तर दुखणं सापडलं. जुन्या हार्ड डिस्कमध्ये चकत्या फिरतात, मिनिटाला ७२०० वेळा, म्हणजे सेकंदाला १२० फेरे. हवी ती माहिती वाचणाऱ्या डोक्याखाली यायला आधी डोकं सरकायला हवं, मग चकती फिरून यायला हवी. एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायला मिलिसेकंदांत दोन आकडी वेळ जातो. विंडोज सुरू होताना अशा हजारो छोट्या फाइली इकडून तिकडून मागते. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, त्यामुळे तीच माहिती मिलिसेकंदाच्या अंशात मिळते. म्हणूनच दहा वर्षांचा प्रोसेसर तोच ठेवून नुसती डिस्क बदलली तरी मशीन नवं वाटतं.

आता डिस्कची तब्येत. क्रिस्टल डिस्क इन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर चालवा. निळ्या 'गुड'ऐवजी पिवळं 'कॉशन' दिसलं, किंवा 'रिअलोकेटेड सेक्टर्स' नाहीतर 'करंट पेंडिंग सेक्टर'समोर शून्याऐवजी आकडा आला, तर डिस्क थकली आहे. असं असेल तर सगळं काम थांबवून आधी महत्त्वाच्या फाइली बाहेर काढा. डीफ्रॅगमेंट किंवा डिस्क तपासणी चालवत बसू नका, थकलेल्या डिस्कला तेवढी धावपळही जड जाते. आतून टकटक आवाज येत असेल तर मशीन बंदच ठेवा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्याला दाखवा.

कोणती सिस्टिम टाकायची

विंडोज ७ चा सपोर्ट १४ जानेवारी २०२० ला संपला, विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ ला. सपोर्ट संपला म्हणजे कॉम्प्युटर बंद पडत नाही, पण नव्याने सापडणारी भोकं बुजवणारे अपडेट येणं थांबतं. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात त्याच्यावर हा धोका पत्करू नये.

विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० (मशीनमधली सुरक्षेची सोय) आणि सिक्युअर बूट (फक्त खात्रीची सिस्टिम सुरू होऊ देणारी सोय) लागतं. आठवी पिढी असेल तर प्रश्नच नाही, विंडोज १० वरून ११ मोफत मिळतं. बऱ्याचदा टीपीएम असतं, फक्त बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मदरबोर्डच्या सेटिंगमध्ये, बंद ठेवलेलं असतं. इंटेलमध्ये ते 'पीटीटी' नावाने सापडेल, एएमडीत 'एफटीपीएम' नावाने.

मशीन त्याहून जुनं असेल तर ही अट चुकवून विंडोज ११ टाकायच्या युक्त्या आहेत. माझं मत: घरात खेळून बघायला ठीक, सोसायटीच्या किंवा दुकानाच्या मशीनवर नको. मायक्रोसॉफ्ट अशा मशीनला पुढचे अपडेट मिळतीलच अशी हमी देत नाही, आणि मार्च महिन्यात हिशेब अडकला तर निस्तरायला तुम्हीच असता.

ज्यांना विंडोज १० सोडवत नाही, त्यांच्यासाठी वाढीव सुरक्षा अपडेटची सोय १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत आहे. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावरून मायक्रोसॉफ्ट खात्याने नाव नोंदवावं लागतं. त्यातून थोडी उसंत मिळते, एवढंच.

बाकी सगळ्यांना मी विंडोजच्या जागी चालणारी लिनक्स मिंट ही सिस्टिम सुचवतो. मोफत आहे, खाली डावीकडे मेन्यू असल्यामुळे विंडोजवाल्यांना बुजल्यासारखं होत नाही, आणि मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. २ जीबी रॅमवरही ते चालू होतं, पण ४ जीबी असावी आणि ८ असली तर उत्तम. ब्राउझर, लिबरऑफिस, पीडीएफ, व्हिडिओ, फोटो, एवढंच काम असेल तर काही अडत नाही.

पण आधी तीन गोष्टी विचारा. टॅलीसारखं फक्त विंडोजवर चालणारं हिशेबाचं सॉफ्टवेअर रोज लागतं का? डिजिटल सहीचं यूएसबी टोकन लावून रिटर्न भरता का? प्रिंटर कोणता आहे? यातल्या पहिल्या दोनपैकी एकाचंही उत्तर 'हो' असेल तर विंडोजच ठेवा. उगाच हट्ट करू नका. प्रिंटरचं मात्र तपासता येतं, ते पुढे येईल. सोसायटीत आमचे हिशेब ऑडिटरकडे होतात, ऑफिसात फक्त बिलं आणि पत्रं, म्हणून आम्ही मिंट घेतलं.

परवान्याबद्दल एक गोष्ट बऱ्याच जणांना ठाऊक नसते. विंडोज १० ॲक्टिव्हेट झालेलं असेल तर तो डिजिटल परवाना मदरबोर्डशी जोडलेला असतो. डिस्क बदलली म्हणून नवीन परवाना घ्यावा लागत नाही. तीच आवृत्ती पुन्हा टाका, 'माझ्याकडे प्रॉडक्ट की नाही' हा पर्याय निवडा, इंटरनेट लागल्यावर ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं. विंडोज ७ ची जुनी की वापरून पुढच्या आवृत्त्या फुकटात ॲक्टिव्हेट करायची वाट मात्र सप्टेंबर २०२३ पासून बंद आहे. चारशे-पाचशे रुपयांत विकल्या जाणाऱ्या 'की'च्या वाटेला जाऊ नका.

काय विकत आणायचं

२.५ इंची साटा एसएसडी, म्हणजे जुन्या हार्ड डिस्कसारख्याच केबलने जोडली जाणारी. २०११ ते २०१५ च्या बहुतेक डेस्कटॉपना हीच बसते. एम.२ ची चपटी पट्टी दिसायला छान, पण त्या काळच्या बऱ्याच बोर्डांवर तिची जागाच नसते, आणि ॲडॉप्टर लावून बसवली तरी जुना बायोस तिच्यावरून सुरू होईल याचा भरवसा नसतो. आकार ५०० जीबीचा घ्या. विंडोजमध्ये ती ४६५ जीबी दिसेल, फसवलं गेलं असं समजू नका. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि विंडोज १०२४ च्या.

एसएसडीबरोबर साटा डेटा केबल आणि २.५ चं ३.५ करणारी पट्टी मागून घ्या. डब्यात या दोन्ही गोष्टी सहसा नसतात, आणि निम्मं काम झाल्यावर केबलसाठी बाहेर पडायला लागतं. पॉवर सप्लायला साटाचा मोकळा चपटा पिन असला की झालं. नसेल तर जुन्या चारपिनी मोलेक्सवरून साटा करणारी छोटी वायर मिळते.

रॅम ४ जीबी असेल तर आणखी ४ टाका. या पिढीला डीडीआर३ लागते आणि दुकानात 'डेस्कटॉपची' असं स्पष्ट सांगावं लागतं, लॅपटॉपची पट्टी आखूड असते. जुनी, वापरलेली डीडीआर३ घ्यायला हरकत नाही, रॅम सहसा झिजत नाही. वापरलेली एसएसडी मात्र घेऊ नका.

शिवाय सीआर२०३२ चं नाण्याएवढं सेल. दहा वर्षांच्या बोर्डावरचं सेल बहुधा संपलेलं असतं. ते संपलं की तारीख मागे जाते, आणि तारीख चुकली की ब्राउझर प्रत्येक साइटवर 'कनेक्शन सुरक्षित नाही' म्हणून ओरडतो. माणसं इंटरनेटवाल्याला फोन करत बसतात आणि दुखणं असतं त्या सेलात.

ठाण्यात स्टेशनजवळ, गोखले रोडच्या आसपास, किंवा वाशीत हे सगळं मिळतं. एकदम जास्त सामान घ्यायचं असेल किंवा जुनी रॅम शोधायची असेल तर मुंबईतला लॅमिंग्टन रोड. ठाण्याहून दादर, तिथे पश्चिम रेल्वे पकडून ग्रँट रोड, मग चालत. आधीच्या शनिवारी जा, रविवारी बहुतेक दुकानं बंद असतात. कुठूनही घ्या, एसएसडीचं जीएसटीचं बिल घ्या आणि त्यावर सिरीयल नंबर लिहून घ्या. वॉरंटी तीन किंवा पाच वर्षांची असते, बिलाशिवाय ती मिळवताना त्रास होतो.

डेटा: इथे घाई करू नका

शनिवारचा सगळा दिवस यालाच द्या. बाहेरची यूएसबी हार्ड डिस्क लागेल. जुन्या मशीनच्या यूएसबी २ वर सेकंदाला ३० एमबीच्या आसपास वेग मिळतो. ३०० जीबी उतरवायला पावणेतीन-तीन तास धरा. मागे निळ्या रंगाचं यूएसबी ३ चं तोंड असेल तर तिथेच लावा.

काय घ्यायचं? सी ड्राइव्हमधला 'युजर्स' फोल्डर उघडा आणि आत जेवढी नावं दिसतील तेवढी सगळी घ्या. फक्त आपल्या नावाचं घेऊ नका. आमच्या ऑफिसात आधीच्या सेक्रेटरींचं वेगळं खातं होतं, पासवर्ड कोणालाच माहीत नव्हता आणि ते खातं आहे हेच आम्ही विसरलो होतो. मग डी ड्राइव्ह सगळाच्या सगळा. टॅली असेल तर त्याचा डेटा फोल्डर, आउटलुक असेल तर त्याची पीएसटी फाइल, तिच्यात सगळे ईमेल असतात. ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड बाहेर काढून ठेवा. फाइली उतरवून झाल्या की त्यातल्या पाच-सहा दुसऱ्या मशीनवर उघडून बघा. न उघडलेला बॅकअप हा बॅकअप धरू नये.

आता मराठीत काम करणाऱ्यांनी नीट वाचायची गोष्ट. २०१० च्या आधीपासून, आणि बऱ्याच ठिकाणी अजूनही, मराठी पत्रं श्री-लिपी, शिवाजी, किरण, कृतिदेव अशा फॉन्टमध्ये टाइप होत आली. हे युनिकोड, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक देणारे, नाहीत. फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचेच क्रमांक साठवलेले असतात आणि फॉन्ट त्या क्रमांकांवर मराठी आकार दाखवतो. फॉन्ट गेला की मराठी गेलं. आमचं २०१५ चं वार्षिक सभेचं इतिवृत्त मी दुसऱ्या मशीनवर उघडलं तेव्हा पहिल्या ओळीपासून इंग्रजी अक्षरं, कंस आणि प्रश्नचिन्हांची खिचडी दिसली. सेक्रेटरी काकांचा चेहरा उतरला. "अहो, फाइल खराब झाली का?" फाइल धडधाकट होती. जुन्या मशीनवरून एक फॉन्ट आणून बसवला आणि 'सभेस उपस्थित सभासद' जसंच्या तसं परत आलं.

म्हणून जुनं विंडोज चालू आहे तोवर दोन कामं करा. विंडोज फोल्डरातला 'फॉन्ट्स' हा फोल्डर सगळा उतरवून घ्या. आणि महत्त्वाच्या मराठी फाइली जुन्या मशीनवरच उघडून पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये अक्षरांचे आकार आत बसतात, पुढे फॉन्ट असो-नसो, वाचता येतं. जुन्या फॉन्टचं युनिकोड करून देणारे कन्व्हर्टरही आहेत. पण बदललेला मजकूर डोळ्यांखालून घाला: रफार, जोडाक्षरं आणि 'ऱ्य' यांची गडबड होते. ठरावातल्या सभासदाचं आडनाव बदललेलं कोणालाच चालणार नाही.

याच मशीनवर आणखी एक काम उरकून घ्या, पेन ड्राइव्ह बनवणं. बरेच जण आधी डबा उघडतात आणि मग लक्षात येतं की पेन ड्राइव्ह बनवायला दुसरा कॉम्प्युटरच नाही. ८ जीबीचा रिकामा पेन ड्राइव्ह घ्या, मिंटची फाइल त्यांच्याच साइटवरून उतरवा (३ जीबीच्या आसपास आहे), आणि रूफस नावाच्या छोट्या सॉफ्टवेअरने ती पेन ड्राइव्हवर लिहा. विंडोज टाकायचं असेल तर मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं मीडिया क्रिएशन टूल आहे.

शेवटी विंडोज बंद करताना शिफ्ट दाबून धरा आणि मग 'शटडाउन'. नुसतं शटडाउन केलं तर विंडोज १० अर्धवट झोपतं आणि मग लिनक्स ती डिस्क फक्त वाचायला देतं, नाहीतर उघडतच नाही. डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर उतरवून ठेवा.

डबा उघडणं

पॉवर केबल काढा. नुसतं बटण बंद करून चालणार नाही, केबलच काढा. मग समोरचं पॉवरचं बटण पाच सेकंद दाबून धरा, आत उरलेला करंट जातो. आपल्याकडच्या जुन्या इमारतींत अर्थिंग नीट नसतं आणि डब्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तसं होत असेल तर कॉम्प्युटरचं काम झाल्यावर इलेक्ट्रिशियनला बोलवाच.

आत हात घालण्याआधी मोबाइलवर तीन-चार फोटो काढा, कोणती वायर कुठे आहे ते दिसेल असे. हे फोटो मी दर वेळी काढतो आणि दर वेळी उपयोगी पडतात. हात घालताना आधी डब्याच्या उघड्या धातूला स्पर्श करा. धूळ मऊ ब्रशने काढा, पंखा बोटाने अडवून धरा. आपल्या खाडीकाठच्या दमट हवेत रॅमच्या सोनेरी दातांवर काळपट थर बसतो. पट्टी बाहेर काढून साध्या पांढऱ्या खोडरबराने दात हलके पुसा, चुरा फुंकरीने नाही, ब्रशने झटका. पावसाळ्यात 'बीप' देऊन बंद पडणारे निम्मे डेस्कटॉप एवढ्यानेच सुरू होतात.

रॅम बसवताना खाच जुळवा, दोन्ही टोकांवर अंगठ्याने दाबा, 'कट्' असा आवाज येऊन कड्या स्वतः बंद होतात. नवं सेल बसवताना लिहिलेली बाजू वर.

एसएसडी पट्टीत स्क्रूने घट्ट करा आणि ३.५ इंची खणात सरकवा. पट्टी मिळाली नसेल तर दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या टेपने डब्याच्या तळाला लावलीत तरी चालते, आत काही फिरत नाही. साटाच्या तोंडाला इंग्रजी एलसारखं वळण असतं, ते जुळल्याशिवाय जोर लावू नका. प्लॅस्टिकची ती जीभ मोडली की डिस्क गेली. बोर्डावर 'साटा ६ जी' असं लिहिलेल्या तोंडात केबल लावा. एच६१ सारख्या बोर्डांवर ३ जीचीच तोंडं असतात, तिथे लावा. रोजच्या वापरात फरक जाणवत नाही.

आता जुन्या हार्ड डिस्कची डेटा केबल काढून टाका. डिस्क जागेवर राहू दे, केबल नको. यामागे दोन कारणं आहेत. सिस्टिम टाकताना डिस्कची यादी येते, 'डिस्क ०', 'डिस्क १', आणि थकलेल्या डोळ्यांनी चुकीच्या ओळीवर क्लिक होतं. दुसरं कारण कमी लोकांना माहीत आहे: दोन्ही डिस्क जोडलेल्या असतील तर विंडोजचा इन्स्टॉलर पुष्कळदा सुरुवातीचा भाग जुन्या डिस्कवर लिहितो आणि बाकीचं नव्या डिस्कवर. सहा महिन्यांनी जुनी डिस्क बंद पडली की नवीही सुरू होत नाही, आणि कारण शोधून सापडत नाही. केबल काढलेली असली की दोन्ही भानगडी होऊच शकत नाहीत.

सिस्टिम टाकणं

हा भाग लोकांना सगळ्यात भीतीचा वाटतो, खरं तर तो सगळ्यात सोपा आहे. शक्यतो मशीन यूपीएसवर घ्या. सुरू होताच डिलीट किंवा एफ२ दाबत राहा, बायोस उघडेल. तारीख-वेळ नीट लावा. साटा मोड, म्हणजे डिस्कशी बोलायची पद्धत, 'एएचसीआय' आहे ना, बघा. जुन्या मशीनवर 'आयडीई' असू शकतो, तो बदला. सेव्ह करून बाहेर या. पुन्हा सुरू करताना एफ१२, एफ११ किंवा एफ८ यांपैकी एका कळीने बूट मेन्यू येतो. पेन ड्राइव्हचं नाव दोनदा दिसलं तर ज्याच्यापुढे 'यूईएफआय' (बायोसची नवी पद्धत) आहे ते निवडा.

मिंट आधी पेन ड्राइव्हवरूनच पूर्ण चालतं, डिस्कला हातही न लावता. या वेळेचा उपयोग करा. वायफाय जोडा, आवाज तपासा, प्रिंटर लावून एक पान छापा. आपल्याकडे घरोघरी असलेल्या काही जुन्या लेझर प्रिंटरना लिनक्सवर वेगळा ड्रायव्हर लागतो. तो कसा मिळतो ते प्रिंटरचं मॉडेल टाकून आत्ताच शोधा. सगळं ठीक असेल तर डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल' चित्रावर दोनदा क्लिक. व्हिडिओ-आवाजाचे कोडेक टाकायचा चौकोन निवडा. 'डिस्क पुसून इन्स्टॉल करा' हा पर्याय आला की बिनधास्त निवडा, जोडलेली डिस्क एकच आहे आणि ती कोरी आहे. टाइम झोन कोलकाता, मग नाव आणि पासवर्ड. ऑफिसचं मशीन असेल तर पासवर्ड कागदावर लिहून कपाटात ठेवा, आधीच्या सेक्रेटरींच्या खात्याचं काय झालं ते वर सांगितलंच आहे. एसएसडीवर वीसेक मिनिटांत काम होतं.

पहिल्यांदा सुरू झाल्यावर अपडेट मॅनेजर चालवा. मग 'टाइमशिफ्ट' उघडून एक स्नॅपशॉट घ्या. पुढे एखाद्या अपडेटने गडबड केली तर सिस्टिम या ठिकाणी परत आणता येते. टाइमशिफ्ट सिस्टिम सांभाळतं, तुमच्या फाइली नाही, हे ध्यानात असू द्या.

मराठीसाठी कीबोर्डच्या सेटिंगमध्ये 'लेआउट'मध्ये जा आणि भारतीय लेआउट जोडा. तो इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांचा प्रमाण कीबोर्ड आहे. उच्चाराप्रमाणे टाइप करायची सवय असेल तर 'मराठी (कागप, फोनेटिक)' हा घ्या. जोडल्यावर एक शब्द टाइप करून बघा: 'दऱ्याखोऱ्यांतल्या'. इनस्क्रिप्टमध्ये 'र' ज्या कळीवर आहे तीच शिफ्टसह दाबली की 'ऱ' मिळतो, आणि 'ल'च्या कळीवर शिफ्टने 'ळ'. एवढं नीट उमटलं की मराठीची चिंता मिटली. जुने फॉन्ट मात्र एकेक करून उघडून 'इन्स्टॉल' करावे लागतात. काकांनी २०१५ चं ते इतिवृत्त स्वतः उघडून पाहिलं, खाली सह्यांच्या नावांपर्यंत वाचलं, आणि मगच मला चहा दिला.

जुन्या डिस्कचं काय करायचं

मशीन बंद करून, पॉवर काढून, जुन्या डिस्कची केबल परत जोडा. बायोसमध्ये पहिला क्रमांक एसएसडीचा आहे ना ते बघा. मिंटला विंडोजच्या डिस्क वाचता येतात. लागतील त्या फाइली एसएसडीवर घ्या. मग डिस्क बाहेर काढा.

ती डब्यातच साठवणीला ठेवावी का, असं बरेच जण विचारतात. दहा वर्षं फिरलेल्या डिस्कवर एकुलती एक प्रत मी ठेवत नाही. ती स्थिर वीज रोखणाऱ्या चंदेरी (अँटिस्टॅटिक) पिशवीत घाला, सिलिका जेलची पुडी टाका, वर तारीख लिहा आणि कपाटात ठेवा. घरच्या मशीनची असेल तर सहा महिने. सोसायटीची असेल तर पुढची वार्षिक सर्वसाधारण सभा होईपर्यंत. ही सभा ३० सप्टेंबरच्या आत घ्यावी लागते, आणि वर्षानुवर्षं कोणी न मागितलेला कागद नेमका त्याच्या आधी मागितला जातो.

आमच्याकडे तसंच झालं. एका सभासदाने पार्किंगच्या २०१६ च्या ठरावाची प्रत मागितली. नव्या एसएसडीवर नव्हती, बाहेरच्या डिस्कवरच्या बॅकअपमध्येही नव्हती. कपाटातली डिस्क जोडली. शोधून शोधून ती फाइल सापडली डी ड्राइव्हवरच्या एका लपवलेल्या फोल्डरात. मी डी ड्राइव्ह सगळा घेतला असं मला वाटलं होतं, पण लपवलेले फोल्डर दाखवायचं सेटिंग सुरूच केलं नव्हतं. त्यामुळे वरच्या यादीत ही एक ओळ वाढवा: फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'हिडन आयटम्स'वर खूण करा आणि मगच कॉपीला लागा.

सभा झाल्यावर, सगळं मिळाल्याची खात्री पटल्यावर, ती डिस्क पूर्ण पुसा. नुसत्या झटपट फॉरमॅटने डेटा पूर्ण जात नाही, रिकव्हरीवाल्याला तो काढता येऊ शकतो; संपूर्ण डिस्कवर शून्यं लिहावी लागतात. मिंटमध्ये 'डिस्क्स' नावाचं साधन आहे, त्यात फॉरमॅटच्या पर्यायांत शून्यं लिहायचा पर्याय मिळतो. ५०० जीबीला दोन-तीन तास लागतात, रात्री लावून झोपा. नंतर भंगारवाल्याला देऊ नका, अधिकृत ई-कचरा गोळा करणाऱ्याकडेच द्या. डिस्क सुरूच होत नसेल, तर वरचं झाकण उघडून चकत्यांवर खिळ्याने चांगले ओरखडे काढा आणि मग द्या. काही डिस्कमधल्या चकत्या काचेच्या असतात, म्हणून डोळ्यांवर चष्मा आणि हातात जाड मोजे असू द्या.